द्राक्षवेलीची छाटणी (महाराष्ट्र)

द्राक्षवेलीची छाटणी ही वेलीची वाढ, घडांची संख्या आणि फळ पिकण्याचा काळ यांचे नियमन करणारी बागकामातील प्रक्रिया आहे. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत ती वर्षातून दोन वेळा केली जाते. फळांची काढणी संपल्यावर उन्हाळ्यात केली जाणारी ती एप्रिल छाटणी किंवा खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना केली जाणारी ती ऑक्टोबर छाटणी किंवा फळछाटणी होय. छाटण्या दोन असल्या तरी पीक एकच घेतले जाते; म्हणून या पद्धतीस 'दुहेरी छाटणी, एकेरी पीक' असे म्हणतात.

वेलीवर किती घड येतील हे मुख्यतः एप्रिल छाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत ठरते, तर ते घड कोणत्या हवामानास सामोरे जातील व कोणत्या दिवसांत बाजारात पोहोचतील हे ऑक्टोबर छाटणीच्या तारखेवर अवलंबून असते. त्यामुळे छाटणीचा दिवस निवडणे हा द्राक्ष बागाईतदाराच्या वर्षातील सर्वांत जोखमीचा निर्णय मानला जातो.

## पार्श्वभूमी

द्राक्ष (*व्हायटिस व्हिनिफेरा*) हे मूळचे समशीतोष्ण प्रदेशातील पीक आहे. थंड हिवाळा असलेल्या प्रदेशांत वेलीची पाने शरद ऋतूत गळतात, वेल सुप्तावस्थेत जाते आणि वसंतात पुन्हा फुटते. तेथे हिवाळ्याच्या अखेरीस एकच छाटणी पुरते. वेल केव्हा झोपेल व केव्हा जागी होईल हे तेथे प्रामुख्याने थंडी ठरवते.

दख्खनच्या पठारावर तसा हिवाळा नसतो. येथील वेल पूर्णपणे सुप्त होत नाही आणि छाटली नाही, तर शेंड्याकडून वाढतच राहते. तिला फुटण्याचा इशारा थंडीकडून न मिळता कात्रीकडून मिळतो. जून महिन्यात छाटलेली वेल जूनमध्ये फुटते आणि नोव्हेंबरमध्ये छाटलेली नोव्हेंबरमध्ये. यामुळे फळाचा हंगाम निवडण्याची मुभा बागाईतदारास मिळते. परंतु चुकीच्या वेळी वेल जागी करण्याची शक्यताही त्याच मुभेतून निर्माण होते.

देशाच्या द्राक्ष-उत्पादनात महाराष्ट्राचा वाटा दोन-तृतीयांशाहून अधिक आहे. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, सातारा, लातूर व धाराशिव हे प्रमुख द्राक्ष-उत्पादक जिल्हे होत. पूर्वी नाशिक भागात भोकरी, फकडी, साहेबी यांसारख्या बियांच्या जाती असत. पुढे थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात आणि तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे तिच्यापासून निवडलेले प्रकार सर्वत्र पसरले. थॉमसन गटातील वेलींत काडीच्या बुडाकडील डोळे सहसा वांझ असतात. त्यामुळे काडी कोठे व केव्हा कापावी या प्रश्नाचे महत्त्व या जातींबरोबर अधिकच वाढले.

## परिभाषा

* ओलांडा : खोडापासून तारेवर आडवा नेलेला वेलीचा कायमचा भाग.
* काडी : ओलांड्यावर फुटलेली व पक्व होऊन तपकिरी झालेली चालू हंगामातील फांदी. फळ या काडीवरील डोळ्यांतून निघणाऱ्या नव्या फुटीवर येते.
* डोळा : पानाच्या बगलेतील कळी. तिच्यात पुढील फूट व घड सूक्ष्म रूपात असतात.
* सबकेन : मूळ फुटीचा शेंडा ठरावीक पानांवर मारल्यानंतर वरच्या बगलेतून वाढवलेली दुय्यम काडी.
* बाळी : वेलीचा ताणा. घड आणि बाळी यांचा उगम डोळ्यातील एकाच प्रकारच्या सूक्ष्म कोंबातून होतो.
* पोंगा अवस्था : डोळा फुगून, कापसासारखी लव दिसू लागून पाने उलगडण्याच्या बेतात असण्याची स्थिती.

## एप्रिल छाटणी

### काळ व पद्धती

फळांची काढणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये संपते. त्यानंतर वेलीस साधारणतः पंधरा दिवस ते एक महिना विश्रांती देतात. फळे पोसताना खोडात व मुळांत साठवलेले अन्न खर्च झालेले असते. काढणीनंतरही हिरवी असलेली पाने ही तूट काही अंशी भरून काढतात. विश्रांती न देता छाटणी केल्यास डोळे कमी व मागेपुढे फुटतात.

मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत या छाटणीचा काळ असतो. ओलांड्यावरील जवळजवळ सर्व काड्या बुडाशी एक किंवा दोन डोळे ठेवून कापल्या जातात. ओलांडा खरडल्यासारखा दिसतो, यावरून 'खरड छाटणी' हे नाव रूढ झाले. या छाटणीचा उद्देश फळ घेणे हा नसून पुढील फळासाठी नवी काडी तयार करणे हा असतो. नव्या फुटींची संख्या मर्यादित ठेवून प्रत्येक फुटीला पुरेसा प्रकाश मिळेल अशी व्यवस्था केली जाते.

### घडनिर्मिती

छाटणीनंतर साधारणतः ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान नव्या फुटीवरील बहुतेक डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. बुडाकडील डोळ्यांत ती आधी व शेंड्याकडील डोळ्यांत नंतर होते. या काळात डोळ्यातील सूक्ष्म कोंबापुढे दोन मार्ग असतात. भरपूर सूर्यप्रकाश, पुरेसे तापमान, वाढीवरील नियंत्रण आणि सायटोकायनिन या संजीवकाचे प्राबल्य असेल, तर त्याचा घड होतो. आभाळ ढगाळ राहिले, पानांची दाटी झाली, किंवा पाणी व नत्र अधिक मिळून वेल माजली, तर जिबरेलिनचे प्रमाण वाढते आणि त्याच कोंबाची बाळी होते.

म्हणूनच या काळात पाण्याचा ताण जपून दिला जातो, नत्र कमी करून स्फुरदाकडे लक्ष दिले जाते, बगलफुटी काढल्या जातात आणि शेंडा मारला जातो. सबकेन पद्धतीत फूट सात-आठ पानांची झाल्यावर तिचा शेंडा मारून वरील बगलफूट पुढे वाढवतात. शेंडा मारल्यावर वाढ काही काळ थांबते आणि त्या गाठीजवळील डोळ्यांत अन्नद्रव्ये साठून घड धरण्याची शक्यता वाढते. पुढे ऑक्टोबरमध्ये याच गाठीच्या आसपास छाटणी केली जाते.

### लवकर व उशिरा छाटणीचे परिणाम

मार्चमध्ये केलेल्या छाटणीमुळे घडनिर्मितीचा काळ एप्रिल-मेच्या स्वच्छ उन्हात येतो. काडी पक्व होण्यासही पुरेसा अवधी मिळतो. तथापि, या वेळी विहिरी व तळी आटू लागलेली असतात. तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास व हवा कोरडी असल्यास डोळे एकसारखे फुटत नाहीत, कोवळी फूट करपते आणि उघड्या ओलांड्यावर उन्हाचे चट्टे पडतात. ओलांड्यावर पाणी फवारणे किंवा सावली करणे हे उपाय तेव्हा योजावे लागतात.

मेच्या मध्यानंतर केलेल्या छाटणीत फूट सहज व जोमाने निघते, परंतु घडनिर्मितीचा काळ जून-जुलैच्या ढगाळ दिवसांत जातो. वेल हिरवीगार दिसते, काडी लांब व जाड होते, मात्र तिच्या डोळ्यांत घडाऐवजी बाळ्या असतात. पावसात काडी पक्व होण्यास विलंब लागतो आणि करपा, केवडा व जिवाणूजन्य करपा या रोगांचे डाग कोवळ्या काडीवर राहून पुढील हंगामात रोगाचा उगम होतात. बागेचे हे नुकसान पावसाळ्यात डोळ्यांना दिसत नाही. ते ऑक्टोबरमध्ये नव्या फुटी घडाविना निघाल्यावरच कळते. काढणी लांबल्याने छाटणी उशिरा आणि छाटणी उशिरा झाल्याने पुढील वर्षाचे घड कमी, अशी ही साखळी वर्षानुवर्षे चालू राहू शकते. घाईघाईने विश्रांती टाळून ती तोडू पाहणाऱ्या बागेत वेल अशक्त होते. त्यामुळे उशिरा छाटणी झालेल्या वर्षी फुटींची संख्या कमी ठेवून प्रत्येक डोळ्यावर प्रकाश पाडणे हाच मुख्य उपाय उरतो.

## काडीची पक्वता व डोळे तपासणी

एप्रिल आणि ऑक्टोबर छाटणीत साधारणतः पाच ते सहा महिन्यांचे अंतर राखले जाते. या अवधीत काडी हिरव्याची तपकिरी होते, तिचा गाभा भरतो व तिच्यात पिष्टमय पदार्थांचा साठा होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पहिली काही पाने काम करू लागेपर्यंत नवी फूट व घड याच साठ्यावर जगतात. अपक्व काडीवरील छाटणीतून निघणारे घड लहान राहतात किंवा जिरून जातात.

ऑक्टोबर छाटणीपूर्वी बागेच्या निरनिराळ्या भागांतून काड्या आणून त्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली कापून पाहण्याची पद्धत द्राक्षपट्ट्यात रूढ झाली आहे. कितव्या डोळ्यात घड आहे हे त्यावरून समजते व त्यानुसार काडी किती डोळ्यांवर कापायची हे ठरते. सरळ काडीवर बहुधा सहा ते आठ डोळे, तर सबकेनवर गाठीच्या पुढे एक-दोन डोळे ठेवतात. घड असलेला डोळा कात्रीने निघून गेला, तर वर्षाचे पीकच निघून जाते. म्हणून ही तपासणी छाटणीपूर्वीच करणे आवश्यक असते.

## ऑक्टोबर छाटणी

### पद्धती

छाटणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाने हाताने किंवा इथेफॉन फवारून गाळली जातात. पानगळीमुळे डोळे उघडे पडून फुगू लागतात. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत काडीच्या टोकाकडील निवडक डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण लावतात. यास बागाईतदार 'पेस्टिंग' म्हणतात. हे रसायन डोळ्यांची सुप्तावस्था मोडून ते एकाच वेळी फोडते. कडक थंडीअभावी दख्खनमध्ये जी एकसारखी जाग येत नाही, ती अशा रीतीने आणली जाते. थंड हवेत द्रावणाची तीव्रता अधिक व उष्ण हवेत कमी ठेवतात.

हायड्रोजन सायनामाइड विषारी आहे. ते त्वचेस व डोळ्यांस इजा करते. ते हाताळण्याच्या आधी किंवा नंतर मद्यपान केल्यास विषबाधेची तीव्र लक्षणे उद्भवतात. त्यामुळे पेस्टिंग करणाऱ्या मजुरांनी हातमोजे वापरणे व त्या दिवसांत मद्य पूर्णतः वर्ज्य करणे आवश्यक आहे.

### दिवसांची गणना

फळछाटणीचा दिवस हा बागेचा जन्मदिवस समजला जातो. पुढील सर्व कामे त्या दिवसापासून मोजली जातात. 'बाग किती दिवसांची?' हा द्राक्षपट्ट्यातील नित्याचा प्रश्न असून 'चाळीस दिवसांची', 'नव्वद दिवसांची' अशी त्याची उत्तरे असतात. थॉमसन गटातील जातींत ढोबळमानाने पुढील टप्पे आढळतात. जात, थंडी व जमिनीनुसार त्यांत फरक पडतो.

* ८ ते १२ दिवस : डोळे फुगणे व पोंगा अवस्था. उडद्या भुंगेरे याच वेळी फुटते डोळे खातात.
* १५ ते २५ दिवस : घड दिसणे, वांझ फुटी काढणे, घडाची लांबी वाढवण्यासाठी जिबरेलिक आम्लाची पहिली फवारणी.
* ३५ ते ४५ दिवस : फुलोरा. केवडा रोगाचा सर्वाधिक धोका फुलोऱ्यापर्यंतच्या काळात असतो.
* ४५ ते ६० दिवस : मणी धरणे, विरळणी आणि घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे.
* ८० ते ९५ दिवस : मण्यात पाणी उतरणे व साखर भरण्यास प्रारंभ.
* १२० ते १४० दिवस : काढणी.

### लवकर छाटणी

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छाटलेल्या बागेची द्राक्षे डिसेंबर-जानेवारीत, बाजारात माल कमी असताना येतात व त्यांना चढा भाव मिळतो. नाशिक जिल्ह्यातील बागलाण व लगतच्या कळवण, देवळा, मालेगाव या तालुक्यांत याहूनही लवकर, जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत, फळछाटणी होते. ही 'अर्ली' किंवा आगाप द्राक्षे नोव्हेंबरपासून बाजारात येतात. तुलनेने कमी पाऊस आणि काढणी लवकर संपल्याने एप्रिल छाटणीही लवकर करता येणे, या दोन गोष्टींवर ही पद्धत उभी आहे.

लवकर छाटणीचा धोका पावसाचा आहे. पोंगा ते फुलोरा या काळात सतत पाऊस राहिल्यास केवडा (डाऊनी मिल्ड्यू) घडावर येतो आणि काही दिवसांत घड कुजतो. ढगाळ हवेत पाने पुरेसे अन्न तयार करू शकत नाहीत; तेव्हा कोवळा घड आखडतो किंवा त्याची बाळी होते. यास 'घड जिरणे' म्हणतात. फुलोऱ्यातील पावसाने फुलगळ होते, तर पाणी उतरल्यानंतरच्या पावसाने मणी तडकतात. २०१९ साली ऑक्टोबर व नोव्हेंबरच्या प्रारंभी लांबलेल्या पावसाने नाशिक जिल्ह्यातील बागांचे मोठे नुकसान झाले. त्यात आगाप व लवकर छाटलेल्या बागांना सर्वाधिक फटका बसला.

### मध्यम काळातील छाटणी

ऑक्टोबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत छाटलेल्या बागांत फूट व फुलोरा सहसा पाऊस ओसरल्यावर येतो, कडाक्याच्या थंडीपूर्वी मणी धरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ गोड होते. युरोपात निर्यात होणारी बरीचशी द्राक्षे याच काळात छाटलेल्या बागांतील असतात. दक्षिण गोलार्धातील द्राक्षांचा हंगाम ओसरू लागताना आणि युरोपातील स्थानिक द्राक्षे येण्यापूर्वी ती तेथे पोहोचतात.

हा काळ सर्वांत सुरक्षित असल्याने बहुसंख्य बागा तेव्हाच छाटल्या जातात आणि त्याचा परिणाम म्हणून बहुसंख्य मालही एकाच वेळी बाजारात येतो. भाव पडण्याची भीती सुरक्षित तारखेशी अशी जोडलेली आहे. शिवाय सुरक्षितता ही सापेक्षच असते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड परिसरात, झालेल्या अवकाळी पाऊस व गारपिटीने वाढीच्या निरनिराळ्या अवस्थांतील बागांची हानी केली.

### उशिरा छाटणी

नोव्हेंबरमध्ये छाटलेल्या बागा पावसापासून बऱ्याच अंशी वाचतात व फवारण्यांचा खर्च कमी होतो. तथापि, डोळे फुटण्याच्या व वाढीच्या वेळी थंडी असते. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास डोळे मागेपुढे फुटतात, फूट आखडते, पानांची संख्या कमी राहते आणि मणी अपेक्षित जाडीचे होत नाहीत. कोरड्या थंड हवेत भुरी रोग वाढतो. निफाड परिसरात किमान तापमान काही वर्षी शून्याजवळ जाते. अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात व पहाटे ठिबक सुरू करतात. काढणी मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, म्हणजे उन्हाच्या तडाख्यात व अवकाळी पावसाच्या दिवसांत येते. उशिराच्या द्राक्षात साखर चांगली भरते, पण पुढील खरड छाटणीही त्यामुळे लांबते.

पक्व होत आलेल्या हिरव्या जातींचे मणी गुलाबी पडण्याची 'पिंक बेरी' नावाची विकृती दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठ्या तफावतीशी निगडित आहे. डिसेंबर-जानेवारीत पाणी उतरणाऱ्या लवकरच्या बागांत ती प्रामुख्याने दिसते. तिच्यापासून बचावासाठी घड कागदाने झाकतात.

## उपयोगानुसार काळ

बेदाण्यासाठी काढणीच्या वेळी हवा कोरडी असणे आवश्यक असते. तासगाव, मिरज, पंढरपूर या भागांत द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर सुमारे दोन आठवडे सावलीत सुकवतात. बेदाण्यासाठी साखर अधिक हवी असल्याने घड वेलीवर जास्त दिवस ठेवतात. काढणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये यावी असा छाटणीचा बेत असतो. सुकवणीच्या काळातील पाऊस बेदाणा काळा पाडतो.

वाइनच्या द्राक्षांत फळछाटणी सामान्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करतात. थंड रात्रींत फळ पिकल्यास आम्लता व सुगंध टिकतात. त्यामुळे काढणी जानेवारी ते मार्च या काळात आणली जाते. युरोपातील वाइन-द्राक्षे उन्हाळा सरताना व शरद ऋतूत काढली जातात, तर महाराष्ट्रात तो हंगाम हिवाळ्यात असतो. हा फरक सर्वस्वी छाटणीमुळे घडून आलेला आहे.

## मजूर व नियोजन

एका खंडातील सर्व वेली एक-दोन दिवसांत छाटून होणे इष्ट असते. काम लांबल्यास एकाच बागेत फुलोऱ्यातील व मणी धरलेल्या वेली शेजारी शेजारी राहतात आणि फवारणी वा संजीवकाची मात्रा कोणालाच योग्य वेळी मिळत नाही. छाटणी, पेस्टिंग, विरळणी ही कामे मजुरांच्या टोळ्या एकरी उक्त्या दराने घेतात. नाशिक भागात पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून येणाऱ्या टोळ्यांवर ही कामे मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. भात-नागलीची कामे आणि दिवाळी यांच्यामुळे टोळ्या कधी उपलब्ध होतील, यावरही अनेकदा छाटणीची तारीख ठरते.

एकापेक्षा अधिक खंड असलेले बागाईतदार छाटणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्यात करतात. यामुळे मजूर पुरतात, माल एकदम बाजारात येत नाही आणि एका वादळी पावसात सर्वच बाग एकाच नाजूक अवस्थेत सापडत नाही. एकच लहान बाग असलेल्या शेतकऱ्यास अशी विभागणी करता येत नाही; त्याची संपूर्ण वर्षाची मिळकत एका तारखेवर लागलेली असते.

निर्यातीच्या मालात वाढनियंत्रके व कीडनाशकांच्या अवशेषांची मर्यादा पाळावी लागते. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षांची युरोपातील निर्यात अडचणीत आली. एप्रिल छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घड वाढवण्यासाठी हे रसायन वापरले जात असे. त्यानंतर शेंडा मारणे, पाणी-नियोजन व प्रकाश-व्यवस्थापन या उपायांवर अधिक भर देण्यात येऊ लागला.

## बदलते हवामान

ऑक्टोबर छाटणीचा रूढ काळ नैऋत्य मोसमी पाऊस परतण्याच्या वेळेशी जोडलेला आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सरासरी तारखा सुधारल्या. त्यानुसार वायव्य भारतातून पाऊस परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर झाली. परतीचा पाऊस लांबल्यास ऑक्टोबरच्या आरंभी छाटलेल्या बागाही पूर्वीच्या सप्टेंबर छाटणीच्या धोक्यात येतात. छाटणी पुढे ढकलल्यास थंडी व बाजारातील गर्दी गाठते. यावर उपाय म्हणून काही बागांत मांडवावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालतात. त्यामुळे घडावर पाणी पडत नाही व केवडा कमी होतो; मात्र भांडवली खर्च मोठा असतो.

द्राक्षावरील संशोधनासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून कार्यरत आहे. छाटणी, खुंट, रोगनियंत्रण व अवशेषमुक्त उत्पादन या विषयांवर केंद्र बागाईतदारांना सल्ला देते.

## अन्य प्रदेश व अन्य फळझाडे

उत्तर भारतात थंडीमुळे वेल सुप्त होते. पंजाब व हरियाणात जानेवारीच्या सुमारास एकच छाटणी होते व फळ जूनच्या आसपास, पाऊस येण्यापूर्वी काढावे लागते. याउलट तमिळनाडूतील तेनी जिल्ह्याच्या कंबम खोऱ्यात पन्नीर द्राक्षाच्या वेलींवर प्रत्येक छाटणीनंतर पीक घेतात आणि निरनिराळ्या बागा निरनिराळ्या महिन्यांत छाटल्याने तेथे वर्षभर द्राक्षे निघतात.

थंड प्रदेशांत छाटणी मुद्दाम लांबवून डोळे उशिरा फोडण्याची युक्ती वसंतातील हिमापासून बचावासाठी वापरतात. पीचच्या झाडावरही फळे मागील हंगामात वाढलेल्या एक वर्षाच्या फांद्यांवर येतात. म्हणून दरवर्षी छाटणी करून नवी फांदी मिळवावी लागते. अमेरिकेतील जॉर्जिया व साउथ कॅरोलायना या राज्यांत हिवाळ्याच्या आरंभी छाटलेली पीचची झाडे थंडी व जिवाणूजन्य खैऱ्या रोगाला बळी पडून अकाली मरतात असे आढळल्याने तेथे छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस करण्याची शिफारस आहे. महाराष्ट्रातील डाळिंब व पेरू या फळझाडांत मृग, हस्त आणि आंबे हे बहार पाणी तोडून व पुन्हा देऊन धरले जातात. तेथेही फळाचा हंगाम झाडाला विश्रांती कधी दिली आणि ती कधी मोडली यावरून ठरतो. द्राक्षात हे काम छाटणी करते.